सुगी मागाहून आली

अमेरिकेत नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारी थँक्सगिव्हिंगचा सण असतो, आणि त्याची जन्मकथा तिथल्या शाळकरी मुलांना तोंडपाठ असते. १६२० साली मेफ्लॉवर जहाजातून आलेले इंग्रज मॅसेच्युसेट्सच्या किनाऱ्यावर उतरले. पहिल्याच हिवाळ्यात त्यांच्यातले निम्मे दगावले. उरलेल्यांना तिथल्या मूळ रहिवाशांनी मका पेरायला शिकवले. पुढच्या वर्षी पीक हाती आल्यावर दोघांनी एकत्र जेवून देवाचे आभार मानले. आणि तेव्हापासून हा सण अखंड चालत आला. यातली पहिली तीन विधाने खरी आहेत, चौथे अर्धे खरे आहे आणि पाचवे अजिबात खरे नाही. माझे म्हणणे असे आहे की थँक्सगिव्हिंग हा शेतात जन्मलेला सण नाही. तो चर्चच्या व्यासपीठावरून आणि सरकारी जाहीरनाम्यांतून आला. युद्धांनी त्याला आकार दिला, एका मासिकाच्या संपादिकेने त्याला देशभर नेले, आणि सुगीची गोष्ट त्याला सर्वांत शेवटी, देश शेतीपासून दूर चालला असताना चिकटली. हा उलटा क्रम लक्षात घेतला नाही तर या सणाविषयीचा आजचा वादही नीट कळत नाही.

सुरुवात १६२१ पासूनच करू. त्या वर्षीच्या जेवणाविषयी प्रत्यक्षदर्शीने लिहिलेला एकच मजकूर उपलब्ध आहे. एडवर्ड विन्स्लो या वसाहतवाल्याने ११ डिसेंबर १६२१ रोजी इंग्लंडमधल्या मित्राला पत्र लिहिले. ते पुढच्या वर्षी लंडनमध्ये ‘मोर्ट्स रिलेशन’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या पुस्तिकेत छापले गेले. पत्राचा बराच भाग हिशेबी आहे. वीस एकरांवर मका लावला, सहा एकरांवर जव आणि वाटाणा पेरला. तिथल्या लोकांच्या रीतीप्रमाणे हेरिंग मासे खत म्हणून घातले. मका चांगला आला, जव बरा आला, वाटाणा तोडण्याच्याही लायकीचा निघाला नाही. त्यानंतर जेमतेम एका परिच्छेदात तो सांगतो की पीक घरात आल्यावर गव्हर्नरने चार माणसांना पाखरांच्या शिकारीला पाठवले. त्यांनी एका दिवसात आठवडाभर पुरतील एवढे पक्षी आणले. लोकांनी इतर करमणुकीबरोबर बंदुकाही चालवून पाहिल्या. मासासोइट हा प्रमुख आपल्या नव्वद पुरुषांसह आला, तीन दिवस त्यांचा पाहुणचार झाला, आणि पाहुण्यांनी पाच हरणे मारून आणली. एवढेच. आपल्याकडे भरपूर आहे ही देवाची कृपा, असे विन्स्लो लिहितो. पण उपासनेसाठी दिवस राखून ठेवल्याचे, प्रवचन झाल्याचे, पुढच्या वर्षी पुन्हा जमायचे ठरल्याचे तो काहीच सांगत नाही. वसाहतीचा गव्हर्नर विल्यम ब्रॅडफर्ड याने पुढे प्लिमथचा सविस्तर इतिहास लिहिला. त्या शरदात रानटी टर्की मुबलक मिळाल्याची नोंद त्यात आहे, या जेवणाची मात्र नाही. ज्याने ही मेजवानी घडवली त्यालाच ती नोंदवण्याजोगी वाटली नाही. बटाटा, क्रॅनबेरीचा गोड सॉस, गव्हाच्या कणकेत भाजलेला भोपळ्याचा पाय हे आजच्या ताटातले पदार्थ तिथे असण्याचे कारणच नव्हते. हरण, पक्षी आणि मका एवढे मात्र नक्की होते.

आता त्या नव्वद पुरुषांकडे पाहू, कारण कथेत त्यांचे सर्वांत जास्त नुकसान झाले आहे. प्लिमथमध्ये त्या वेळी जेमतेम पन्नास इंग्रज उरले होते. त्यांत बरीच मुले होती आणि संसारी बायका फक्त चार. म्हणजे पाहुणे यजमानांच्या जवळजवळ दुप्पट होते, आणि ते सगळे लढवय्ये होते. ते कशासाठी आले, याचे उत्तर शेजारधर्मात नाही, राजकारणात आहे. १६१६ ते १६१९ या काळात युरोपियन जहाजांबरोबर आलेल्या साथीने त्या किनाऱ्यावरची गावेच्या गावे ओस पडली होती. इंग्रजांनी प्लिमथ वसवले ते रानात नव्हे, तर पाटक्सेट या मेलेल्या गावाच्या जागेवर, त्या लोकांनी आधीच मोकळ्या केलेल्या शेतांत. त्यांना मका शिकवणारा टिस्क्वाण्टम याच गावचा. १६१४ मध्ये टॉमस हंट नावाच्या इंग्रज कप्तानाने त्याला पळवून स्पेनमधल्या मालागा बंदरात विकायला नेले. तिथून तो सुटून इंग्लंडला पोहोचला आणि १६१९ मध्ये परतला, तेव्हा त्याच्या गावात कोणीही जिवंत नव्हते. मासासोइट (त्याचे खरे नाव उसामेक्विन) हा वाम्पानोआग लोकांचा प्रमुख होता. साथीने त्याचे बळ घटले होते, आणि पश्चिमेकडचे नॅरागान्सेट साथीतून बरेचसे बचावले असल्यामुळे त्याच्यावर दाब आणत होते. बंदुका असलेला एक छोटा परका गट त्याला मित्र म्हणून उपयोगी होता. मार्च १६२१ मध्ये दोघांनी एकमेकांच्या मदतीला धावण्याचा तह केला. शरदातले ते तीन दिवस या तहाच्या संदर्भात वाचले की नीट उलगडतात. दोन अडचणीत सापडलेल्या सत्ता एकमेकींना अजमावत होत्या, आणि मधे जेवण होते.

या इंग्रजांच्या स्वतःच्या धर्मकल्पनेतही हे जेवण आभाराच्या दिवसात बसत नव्हते. त्यांच्या पंथात ठरलेल्या तिथीचे सण नसत. बायबलमध्ये आधार नाही म्हणून त्यांनी नाताळसुद्धा सोडला होता. शेजारच्या मॅसेच्युसेट्स बे वसाहतीने तर १६५९ मध्ये नाताळ पाळणाऱ्याला पाच शिलिंग दंड ठेवला, आणि तो १६८१ पर्यंत कायद्यात राहिला. त्याऐवजी ते दोन प्रकारचे दिवस पाळत. संकट आले की उपवास आणि पश्चात्तापाचा दिवस, संकट टळले की आभाराचा दिवस. दोन्ही दिवस अधिकाऱ्यांनी जाहीर करायचे, कामधंदा बंद ठेवायचा आणि तासन्‌तास उपासनागृहात बसायचे. देवाने आज काय केले याला ते तत्काळ दिलेले उत्तर असे, आणि म्हणूनच दरवर्षी त्याच तारखेला ते देणे त्यांना पोकळ कर्मकांड वाटले असते. प्लिमथमध्ये असा खरा दिवस १६२३ मध्ये झाला. उन्हाळ्यात लांबलेल्या अवर्षणाने मका करपू लागला, उपवासाचा दिवस पाळला, त्यानंतर पाऊस आला, आणि मग आभाराचा दिवस ठरला. मुहूर्त शोधायचाच असेल तर या लोकांच्या दृष्टीने तो इथे आहे, आणि इथे निमित्त कापणीचे नाही, पावसाचे आहे.

पाऊस हे निमित्त त्यातल्या त्यात निरुपद्रवी. १६३७ मध्ये इंग्रजांनी आणि त्यांच्या मित्रांनी मिस्टिक इथल्या पेक्वोट लोकांच्या तटबंद गावाला आग लावली आणि बाहेर पडू पाहणाऱ्यांना मारले. मेलेल्यांत मोठ्या संख्येने बायका आणि मुले होती. त्या युद्धातल्या विजयाबद्दल मॅसेच्युसेट्स बेने आभाराचा दिवस पाळला. १६७५ मध्ये मासासोइटचा मुलगा मेटाकॉम, ज्याला इंग्रज किंग फिलिप म्हणत, जमिनी आणि अधिकार यांवरच्या आक्रमणाविरुद्ध उठला. ऑगस्ट १६७६ मध्ये तो मारला गेला. त्याचे डोके प्लिमथमध्ये खांबावर लावले गेले आणि वर्षानुवर्षे तिथेच राहिले. त्याच्या कोवळ्या मुलाला गुलाम म्हणून वसाहतीबाहेर विकण्यात आले. प्लिमथने त्या महिन्यात आभाराचा दिवस पाळला. १६२१ च्या पाहुण्याचा मुलगा आणि नातू यांची ही अखेर, त्याच गावातली, पंचावन्न वर्षांच्या आतली. काही लेखक या घटनांवरून थँक्सगिव्हिंग हा मुळातच कत्तलीचा उत्सव आहे असा निष्कर्ष काढतात. मला तो टोकाचा वाटतो, कारण हे दिवस पाऊस, शांतता, रोगमुक्ती, जहाजाचे सुखरूप आगमन अशा अनेक कारणांसाठी ठरत, आणि १६३७ पासून आजच्या सणापर्यंत सरळ रेघ ओढता येत नाही. पण त्या दिवसाचा स्वभाव यातून स्पष्ट होतो. सत्तेने कारण निवडायचे आणि समाजाने त्याबद्दल कृतज्ञ व्हायचे.

इथे माझ्या म्हणण्यावरचा सर्वांत वजनदार आक्षेप येतो. न्यू इंग्लंडमध्ये, म्हणजे प्लिमथभोवतालच्या ईशान्येकडच्या त्या प्रांतात, सतराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून शरदाच्या अखेरीस दरवर्षी आभाराचा दिवस जाहीर करण्याची रीत पडत गेली, आणि अठराव्या शतकात ती घट्ट झाली. सकाळी उपासना, दुपारी घरी मोठे जेवण, दूर गेलेली मुले आईबापांकडे परत. गव्हर्नरांच्या जाहीरनाम्यांत पिकाचा उल्लेखही नियमित असे. मग हा सुगीचा सण नव्हे तर काय? हा आक्षेप मी अर्धा मान्य करतो. आजच्या सणाचा खरा पूर्वज हाच, मेफ्लॉवरवाल्यांची मेजवानी नव्हे. पीक हे त्यातले एक कारण होतेच. पण जाहीरनाम्यांच्या यादीत ते आरोग्य, शांतता, धर्मस्वातंत्र्य आणि राज्यकर्त्यांचे क्षेम यांच्या ओळीत उभे असे. शिवाय तारीख पाहा. पिकाशी जखडलेला सण पिकाबरोबर येतो. न्यू इंग्लंडमध्ये मका सप्टेंबर-ऑक्टोबरात निघतो. नोव्हेंबरच्या अखेरीस जमीन गोठायला लागलेली असते. १६२१ चे जेवणही सप्टेंबरअखेर ते नोव्हेंबरच्या सुरुवातीपर्यंत केव्हातरी झालेले असणार. उत्तरेकडच्या कॅनडाने आपला सण ऑक्टोबरच्या दुसऱ्या सोमवारी ठेवला आहे, आणि तिथल्या हवामानाला तेच साजते. न्यू इंग्लंडचा दिवस उशिरा सरकला तो शेतीची कामे पूर्ण उरकून लोक मोकळे व्हावेत म्हणून. नाताळ गाळलेल्या समाजाला हिवाळ्याच्या तोंडावर कुटुंबाने एकत्र येण्याचा एक दिवस हवा होता, तो यातून मिळाला. त्या सणाचा गाभा कुटुंब हा होता, आणि पुढे तो देशभर पसरू शकला तो याच गाभ्यामुळे.

प्रांतातून राष्ट्राकडे जाणारा रस्ता मात्र पुन्हा युद्धातून गेला. १७ ऑक्टोबर १७७७ रोजी साराटोगा इथे ब्रिटिश सेनापती बर्गॉइन शरण आला, आणि काँटिनेंटल काँग्रेसने तेराही वसाहतींसाठी १८ डिसेंबर हा आभाराचा दिवस ठरवला. संपूर्ण देशासाठी असा हा पहिलाच दिवस. नवी राज्यघटना लागू झाल्यावर ३ ऑक्टोबर १७८९ रोजी जॉर्ज वॉशिंग्टनने २६ नोव्हेंबर, गुरुवार, हा दिवस जाहीर केला. स्वातंत्र्य आणि शांततेने स्थापन झालेले नवे सरकार ही त्यातली मुख्य कारणे. समृद्धीचा उल्लेख ओझरता आहे, प्लिमथचा नाहीच. प्रतिनिधिगृहात या ठरावाला झालेला विरोध आजही वाचण्यासारखा आहे. साउथ कॅरोलिनाच्या इडॅनस बर्कला यात युरोपातल्या राजांची नक्कल दिसली, कारण तिथे युद्ध जिंकणारा आणि हरणारा दोघेही देवाचे आभार मानतात. त्याच राज्याच्या टॉमस टकरने विचारले की राज्यघटनेचा अनुभव येण्याआधीच लोकांना तिच्याबद्दल आभार मानायला सांगण्याचा अधिकार काँग्रेसला कुठून मिळाला. आपण काय ठरवतो आहोत हे दोघांनाही नेमके समजले होते. राज्ययंत्रणा नागरिकांच्या भावनेला विषय नेमून देत होती. टॉमस जेफरसनने हीच भूमिका पुढे नेली आणि १८०१ ते १८०९ या आपल्या कारकिर्दीत असा एकही दिवस जाहीर केला नाही. धर्माची आज्ञा देणे हे राष्ट्राध्यक्षाचे काम नव्हे, असे त्याचे मत होते. ब्रिटनशी पुन्हा झालेले युद्ध संपल्यावर जेम्स मॅडिसनने १८१५ च्या एप्रिलमध्ये एक दिवस ठरवला. एप्रिलमध्ये कोणतीही सुगी नसते. त्यानंतर सुमारे अर्धे शतक राष्ट्रीय थँक्सगिव्हिंग झालाच नाही. जिथे अखंड परंपरा असल्याचे सांगितले जाते तिथे प्रत्यक्षात पन्नास वर्षांचे रितेपण आहे.

ते भरून काढले सारा जोसेफा हेल या बाईंनी. त्यांचे काम एखाद्या राजकीय पुढाऱ्याच्या तोडीचे आहे, तरी त्यांचे नाव आज अमेरिकेतही फारसे कोणाला आठवत नाही. १७८८ मध्ये न्यू हॅम्पशरमध्ये त्यांचा जन्म झाला. १८२२ मध्ये वकील पती वारले तेव्हा पदरी मुले होती आणि पाचवे पोटात. पोट भरण्यासाठी त्या लिहू लागल्या. १८२७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या ‘नॉर्थवुड’ कादंबरीत न्यू इंग्लंडमधल्या थँक्सगिव्हिंगच्या जेवणाचे सविस्तर वर्णन आहे. टेबलाच्या शिरोभागी भाजलेला टर्की, भोवती बदक-हंस, भाज्या आणि पायची रांग. हे ताट आज ओळखीचे वाटते, कारण आजचे ताट त्याच प्रांतातून आणि त्याच काळातून आले आहे. १८३७ पासून चाळीस वर्षे त्यांनी ‘गोडीज लेडीज बुक’ हे मासिक संपादित केले. १८६० च्या सुमारास त्याच्या दीड लाख प्रती खपत, आणि त्या काळी हा आकडा प्रचंड होता. १८४० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून त्या दरवर्षी अग्रलेखातून मागणी करू लागल्या की सगळ्या राज्यांनी नोव्हेंबरच्या अखेरच्या गुरुवारी एकाच वेळी थँक्सगिव्हिंग पाळावा. गव्हर्नरांना आणि एकामागून एक राष्ट्राध्यक्षांना त्यांनी पत्रे लिहिली. जोडीला मासिकात टर्की भाजण्याच्या आणि पाय करण्याच्या कृती, घरी परतणाऱ्या मुलांच्या कथा, कविता. मागणी राजकीय होती आणि ती स्वयंपाकघरातून पुढे सरकत होती.

राजकीय म्हणण्याचे कारण हेलबाईंच्याच लिखाणात आहे. गुलामगिरीच्या प्रश्नावर देश दुभंगत चालला होता, आणि सगळ्या राज्यांतली कुटुंबे एकाच दिवशी एकाच प्रकारच्या टेबलाभोवती बसली तर फूट टळेल अशी त्यांची मनापासून श्रद्धा होती. ही श्रद्धा भाबडी होती आणि तिला एक मोठी उणीव होती: ज्यांच्या गुलामीवरून देश फुटत होता त्या माणसांना या टेबलावर जागा कोठे, याचे उत्तर तिच्यात नव्हते. मुक्त झालेल्या काळ्या लोकांनी लायबेरियात जाऊन वसावे, हा हेलबाईंचा मार्ग. तरीही दक्षिणेतल्या अनेकांना हा सण उत्तरेकडच्या गुलामगिरीविरोधी उपदेशकांचा वाटे. व्हर्जिनियाचा गव्हर्नर हेन्री वाइज याने १८५६ मध्ये हेलबाईंची विनंती तुच्छतेने धुडकावली. बहुतेक राज्ये गव्हर्नरांच्या आदेशाने असा दिवस पाळू लागली होती, तरी १८६१ मध्ये युद्ध पेटलेच. दोन्ही बाजूंनी मग आभाराचे दिवस जाहीर केले. दक्षिणेच्या जेफरसन डेव्हिसने १८६१ आणि १८६२ मध्ये आपल्या विजयांबद्दल, उत्तरेच्या लिंकनने आपल्या. गेटिसबर्गच्या लढाईनंतर लिंकनने ६ ऑगस्ट १८६३ हा दिवस ठरवला होता. बर्कने १७८९ मध्ये युरोपाविषयी जे म्हटले होते ते त्याच्याच देशात घडत होते.

२८ सप्टेंबर १८६३ रोजी चौऱ्याहत्तर वर्षांच्या हेलबाईंनी लिंकनला पत्र लिहून कायमचा राष्ट्रीय दिवस मागितला. ३ ऑक्टोबरला जाहीरनामा निघाला. मसुदा परराष्ट्रमंत्री विल्यम स्यूअर्डचा होता, दिवस २६ नोव्हेंबर, गुरुवार. वॉशिंग्टनच्या जाहीरनाम्याची तारीख आणि त्यात ठरलेला दिवस दोन्ही चौऱ्याहत्तर वर्षांनी तसेच्या तसे पुन्हा आले. हा मजकूर माझ्या प्रतिपादनाची खरी कसोटी आहे, कारण त्याची सुरुवातच पिकलेल्या शेतांनी आणि निरोगी हवेने होते. पण पुढे काय येते ते पाहावे. परकीय सत्तांशी टिकलेली शांतता, रणभूमी सोडून इतरत्र चालू असलेला कायद्याचा अंमल, न थांबलेले नांगर, माग आणि जहाजे, खाणींतले लोखंड, कोळसा आणि मौल्यवान धातू, युद्ध चालू असूनही वाढलेली लोकसंख्या, आणि शेवटी विधवा, अनाथ आणि शोकाकुल यांच्यासाठी प्रार्थना. इथे शेत हा युद्धकाळातल्या राष्ट्राच्या ताकदीचा एक पुरावा आहे, तोही अनेकांपैकी एक. मेफ्लॉवर नाही, प्लिमथ नाही, वाम्पानोआग नाहीत. ज्या कागदापासून थँक्सगिव्हिंग दरवर्षी पाळला जाऊ लागला त्यात १६२१ चा मागमूसही नाही. गेटिसबर्गच्या दफनभूमीवरचे लिंकनचे भाषण १९ नोव्हेंबरचे आणि हा सण त्यानंतर बरोबर आठवड्याने. दोन्हींच्या मागे एकच चिंता होती, हे राष्ट्र राष्ट्र म्हणून उरेल की नाही.

मग १६२१ आले कोठून? एका तळटीपेतून. १८४१ मध्ये बोस्टनचे धर्मोपदेशक अलेक्झांडर यंग यांनी प्लिमथच्या जुन्या कागदपत्रांचा संग्रह प्रसिद्ध केला आणि विन्स्लोच्या त्या परिच्छेदाखाली टीप दिली की हाच पहिला थँक्सगिव्हिंग, न्यू इंग्लंडचा सुगीचा उत्सव. सण आधी होता, त्याला साजेसा भूतकाळ नंतर सापडला. टीप लगेच पसरली असेही नाही. प्लिमथची आठवण लोक २२ डिसेंबरला, पूर्वज उतरले त्या दिवसाच्या निमित्ताने, १७६९ पासून वेगळीच जागवत होते, आणि चित्रांत मूळ रहिवासी बहुधा बाण रोखून झाडीत लपलेले दिसत. पश्चिमेकडे मूळ रहिवाशांशी लढाया चालू असेपर्यंत त्यांच्यासोबत जेवणाचे चित्र लोकांना पटले नसते. १८९० च्या डिसेंबरात वूंडेड नी इथे लाकोटा लोकांची कत्तल झाली आणि सशस्त्र प्रतिकार संपला. जेन ऑस्टिन या अमेरिकन लेखिकेची ‘स्टँडिश ऑफ स्टँडिश’ ही १६२१ ची मेजवानी रंगवणारी कादंबरी १८८९ ची. जेनी ब्राउन्सकोम्बचे प्रसिद्ध चित्र १९१४ चे, आणि त्यात वाम्पानोआगांच्या डोक्यावर शेकडो मैल दूरच्या मैदानी लोकांचे पिसांचे मुकुट आहेत. प्रतिकार संपत आल्यावरच मूळ रहिवासी प्रेमळ पाहुणा झाला, हा कालक्रम मला योगायोग वाटत नाही.

याच काळात दुसरी एक गरज उभी राहिली. १८८० ते १९२० या चाळीस वर्षांत दोन कोटींहून अधिक लोक स्थलांतर करून अमेरिकेत आले, बरेचसे दक्षिण आणि पूर्व युरोपातून. त्यांच्या मुलांना अमेरिकन करण्याचे काम शाळांवर पडले, आणि त्यासाठी मेफ्लॉवरची कथा फार सोयीची होती. समुद्र ओलांडून आलेले, छळ सोसलेले, कष्टाने जम बसवलेले लोक, म्हणजे आपल्यासारखेच. कागदी टोप्या घालून वर्गावर्गांत ते जेवण रंगू लागले. १९२० च्या जनगणनेत शहरी लोकसंख्या पहिल्यांदाच ग्रामीण लोकसंख्येपेक्षा जास्त भरली. सुगीची कथा सर्वांत जोरात सांगितली गेली ती गिरणगावांत आणि चाळवजा इमारतींत, खळे कधी न पाहिलेल्या मुलांना. स्थलांतरितांना सहज आपलासा वाटणारा हा सण आजही तसाच आहे. तिथली मराठी कुटुंबेही या जोडून येणाऱ्या सुट्टीत एकमेकांकडे जमतात, कारण त्यात घरच्या देवाधर्माला धक्का न लावता सामील होता येते.

पहिलेपणाचे इतर दावेदारही आहेत. फ्लोरिडातल्या सेंट ऑगस्टीनमध्ये स्पॅनिशांनी १५६५ मध्ये उपासनेनंतर तिथल्या लोकांसोबत जेवण केले. व्हर्जिनियाच्या बर्कली हंड्रेडमध्ये १६१९ मध्ये आगमनाचा दिवस दरवर्षी आभारदिन म्हणून पाळण्याचा लेखी हुकूम होता. हा वाद मला निष्फळ वाटतो. यांपैकी कोणत्याही घटनेतून आजचा सण निघालेला नाही. प्लिमथचीही तीच गत आहे. फरक एवढाच की न्यू इंग्लंडकडे छापखाने, शाळा आणि पाठ्यपुस्तके लिहिणारे अधिक होते.

तारीख शेवटी कोणी ठरवली हेही पाहण्यासारखे आहे. लिंकननंतर राष्ट्राध्यक्ष बहुतेक वर्षी अखेरचा गुरुवार जाहीर करत आले. १९३९ मध्ये नोव्हेंबरात पाच गुरुवार आले आणि अखेरचा ३० तारखेला पडला. मंदीने गांजलेल्या दुकानदारांना नाताळच्या खरेदीचे दिवस कमी पडणार होते, म्हणून फ्रँकलिन रूझवेल्टने सण २३ तारखेवर आणला. मोठा गदारोळ झाला. निम्म्याच्या आसपास राज्यांनी नवी तारीख मानली, उरलेल्यांनी जुनी, आणि वेगवेगळ्या राज्यांत राहणाऱ्या नातलगांची सुट्टी जुळेना. विक्री फारशी वाढली नाही. अखेर २६ डिसेंबर १९४१ च्या कायद्याने चौथा गुरुवार कायम झाला. एका आठवड्यासाठी देश भांडला, आणि त्या भांडणात पिकाचा प्रश्न कोठेच नव्हता.

यावर समंजस वाचक म्हणेल की सगळेच सण माणसांनी घडवलेले असतात. जुने निमित्त विसरले जाते, नवे येते, त्यात फसवणूक कसली? हे मला मान्य आहे. हेलबाईंनी घडवला म्हणून सण खोटा ठरत नाही. वर्षातून एकदा घरी जाऊन आपल्या माणसांसोबत जेवणे ही चांगलीच गोष्ट आहे आणि तिला १६२१ च्या दाखल्याची गरज नाही. आक्षेप घडवण्याला नाही, घडवताना जे दुसऱ्याच्या पदरात टाकले गेले त्याला आहे. जन्मकथेत वाम्पानोआगांना मदत करून बाजूला होण्याची भूमिका मिळाली. साथ, तह, मेटाकॉमचे युद्ध, विकलेली मुले हे सगळे तीन दिवसांच्या जेवणामागे झाकले गेले. १९७० मध्ये प्लिमथच्या साडेतीनशेव्या वर्षाच्या समारंभात बोलण्यासाठी वाम्सुट्टा फ्रँक जेम्स या वाम्पानोआग गृहस्थांना बोलावले होते. त्यांनी लिहिलेल्या भाषणात कबरी उकरल्याचा, अन्न लुटल्याचा आणि जमिनी गेल्याचा इतिहास होता. आयोजकांनी मजकूर बदलायला सांगितला, त्यांनी बोलायला नकार दिला, आणि थँक्सगिव्हिंगच्याच दिवशी ते आणि त्यांचे सोबती प्लिमथमधल्या कोल्स हिलवर मासासोइटच्या पुतळ्यापाशी जमले. तेव्हापासून तिथे दरवर्षी राष्ट्रीय शोकदिन पाळला जातो. कबरी उकरल्याचा आरोप, जाता जाता सांगायला हवे, इंग्रजांच्याच लिखाणावर आधारलेला आहे. केप कॉडवर उतरल्यावर आपण थडगी उघडली आणि पुरून ठेवलेला मका नेला, हे ‘मोर्ट्स रिलेशन’मध्येच, विन्स्लोचे पत्र असलेल्या त्याच पुस्तिकेत छापलेले आहे.

वाम्पानोआग आभार मानायला इंग्रजांकडून शिकले नाहीत. स्ट्रॉबेरी पिकल्यावर, कोवळा मका आल्यावर, अशा वर्षभरातल्या अनेक प्रसंगी कृतज्ञतेचे सोहळे करण्याची त्यांची रीत जहाजे येण्याआधीची आहे. मार्थाज व्हिन्यार्ड बेटावरच्या अक्विना इथले वाम्पानोआग ऑक्टोबरच्या दुसऱ्या मंगळवारी क्रॅनबेरी दिन पाळतात. मुले त्या दिवशी शाळेत जात नाहीत, सगळे मिळून वाळूच्या टेकड्यांमधल्या पाणथळीत रानटी क्रॅनबेरी वेचतात, दुपारी तिथेच जेवतात, संध्याकाळी सगळ्यांचे मिळून जेवण होते. पूर्वी तर दिवसही ठरलेला नसे. फळ तयार झाले की जाणते लोक सांगत. या सणाला राष्ट्राध्यक्षाचा जाहीरनामा कधी लागला नाही.